भिंतीपर्यंतची पायवाट

८ जानेवारी

ही वही मॅडमनी दिली आहे, निरीक्षणं लिहायला. ती त्या वाचणार. म्हणून मी वही उलटी करून मागून सुरुवात केली आहे. पुढून निरीक्षणं, मागून मी. दोन्ही मधे कुठे भेटतील तेव्हा बघू. आजवर माझी कुठलीच वही मध्यापर्यंत पोचलेली नाही.

नोकरी काय, तर चालायचं आणि मोजायचं. खरंच. मुलाखतीत मॅडमनी शिक्षण विचारलं. म्हटलं, बारावी, पण अर्धी. आधी काय केलं? फोटो स्टुडिओ, बोटीवरचं कॅन्टीन, रोपवाटिका, रंगाचं दुकान, लोकांची कुत्री फिरवणे... पाच वर्षांत सात गावं झाली होती, एका हाताची बोटं संपली. "एका जागी का टिकत नाहीस?" म्हटलं, मी टिकते, पाय टिकत नाहीत. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला पायच हवेत."

ऑफिस म्हणजे बंद पडलेलं घड्याळाचं दुकान. भिंतीचा रंग उडालाय, पण घड्याळं होती तिथे गोल गोल ठळक राहिलाय. त्या गोलांखाली तीन टेबलं. एक मॅडमचं. वस्त्या कशा असाव्यात हे त्या शिकून आल्या आहेत. दुसरं हवावाल्यांचं. ते काठीवर डबा लावून फिरतात आणि हवेत किती धूर आहे ते मोजतात, आणि त्यांना स्वतःलाच दमा आहे. तिसरं माझं. त्यावर मॅडमचा स्टोव्ह असतो.

काम असं. या वस्तीच्या मधोमध एक मोठं पटांगण आहे. पटांगणाच्या शेवटी भिंत. भिंतीपलीकडे दवाखाना, अगदी हाकेच्या अंतरावर. पण जायचं तर वळसा घालून, ट्रकच्या रस्त्याने, धूर खात. बाराशे चाळीस पावलं. आज मीच मोजली. या भिंतीत दार पाडायचं, सावलीचा रस्ता करायचा, बाकं टाकायची, असं लोकांनी आणि आम्ही मिळून ठरवायचं आणि ३१ मार्चला पालिकेला आराखडा द्यायचा. आराखडा आवडला तर तसंच बांधणार आहेत म्हणे.

मॅडमचे दोन नियम. एक, लोकांच्या तोंडाकडे नंतर बघायचं, पायांकडे आधी. सभेत लोक समोरच्याला बरं वाटेल ते बोलतात, पाय खोटं बोलत नाहीत. दुसरा, मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही.

माझ्या हातात एक मोजणीयंत्र दिलंय. माणूस दिसला की दाबायचं. टिक. दिवसभर आवाज डोक्यात राहतो.

१३ जानेवारी

पहिली बोलणी खाल्ली. कोपऱ्यावर सात ते नऊ उभं राहून माणसं मोजायची होती. आठ वाजता एक माणूस पाठीवर भलामोठा आरसा बांधून चालला होता. आरशात अख्खं आभाळ, विजेच्या तारा, एक कावळा. त्याच्या मागे जरासं गेले, आभाळ कुठवर जातंय बघायला. जरासं म्हणजे पस्तीस मिनिटं. परत आले तर हवावाले माझ्या जागी उभे राहून टिकटिक करत होते.

"आरसा सुखरूप पोचला ना?" त्यांनी विचारलं.

मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसता कागद उलटा ठेवला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

पटांगणात पहिल्यांदा आत गेले. ते लॉन्ड्रीवाल्या बायकांचं आहे. म्हणजे कागदावर पालिकेचं, पण वीस-बावीस वर्षं त्याच तिथे कपडे वाळवतात. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, कुणाकुणाचे लेंगे. कपड्यांचं पाणी ठिबकून खाली गवत इतकं हिरवं झालंय की चप्पल काढावीशी वाटते. काढली.

मान खाली होती, दोरी सटकन तोंडावर बसली आणि ओली चादर अंगभर. सोडवून घेते तर समोर कंबरेवर हात ठेवून एक बाई. सगळ्या तिला मावशी म्हणतात.

"अगं ए, चादर आहे ती, दार नाही. ढकलतेस काय?"

"दिसली नाही, मावशी."

"एवढी आठ फुटांची चादर दिसली नाही! आणि तू म्हणे वस्ती मोजायला आलीस."

मागच्या सगळ्या खिदळल्या. मीही हसले.

शेवटी भिंतीशी जाऊन बसले. सावली चांगली आहे. पलीकडे कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय. जुनं मशीन, पायाचं. सुरुवात सावकाश, मग पळतं, मग टोकाशी येऊन टप्प थांबतं. दीड तास बसले. सावली चांगली आहे तिथे.

२२ जानेवारी

दुपारी पुन्हा भिंतीकडे. एक अर्ध्या शेपटीचं मांजर आहे, ते कुठे जातं बघायचं होतं.

संध्याकाळीही. मांजर नव्हतं.

२ फेब्रुवारी

आज वस्तीतल्या लोकांची चित्रं. मॅडमची पद्धत अशी आहे की सभा घ्यायच्या आधी प्रत्येकाने आपल्या घरापासून आपल्या आवडत्या जागेपर्यंतचा रस्ता आठवणीने काढायचा. पट्टी नाही, मापं नाहीत. समोरचे औषधवाले काका दुकानातून निघून दुकानातच परत आले. एका आजोबांनी नुसता दवाखान्याचा दरवाजा काढला आणि म्हणाले, "रस्ता काढत नाही, दम लागतो." एका मुलीने घर ते गच्ची काढलं आणि जिन्याच्या सगळ्या पायऱ्या मोजून काढल्या, चोवीस.

लोकांना सांगण्याआधी आम्हीही काढायचं होतं, सरावाला. मी काढलं: खोली. खिडकी. खिडकीशी मशीन. मशीनवर निळा शर्ट. भिंतीवर कात्री लटकवायचा खिळा. छान जमलं होतं. रंगाच्या दुकानात काहीतरी शिकले म्हणायचं.

हवावाल्यांनी कागद हातात घेतला. "शर्टाला एकच बाही?"

"दुसरी राहिली होती."

"आणि रस्ता कुठाय यात? रस्ता काढायला सांगितला होता."

"पेन संपलं," मी म्हटलं.

ते माझ्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिले. मग खोकला आला त्यांना.

११ फेब्रुवारी

लॉन्ड्रीवाल्यांनी दोऱ्या वर बांधल्यात. आता वाकावं लागत नाही. बहुतेक वारा जास्त लागावा म्हणून. मधला एक बांबूही दोन हात बाजूला गेलाय. गेले सरळ भिंतीपर्यंत, काही अडलं नाही.

मावशीने मला नाव ठेवलंय. भिंगरी. "आली बघा भिंगरी." लांबून ओरडते, सगळं पटांगण ऐकतं.

माझी ताईपण हेच म्हणायची, पायाला भिंगरी लागलीय पोरीच्या. तिचा म्हणायचा सूर वेगळा होता. तोंडात टाचण्या धरून म्हणायची, त्यामुळे 'भिं' नाकातून यायचा.

मावशीला म्हटलं, दुसरं काहीतरी नाव ठेवा. ती म्हणाली, "ठेवते. तू एका जागी बस, मग दगड म्हणेन."

२३ फेब्रुवारी

दोन दिवस मशीन बंद आहे. काही कारण असेल. माणूस आजारी पडतं, गावाला जातं, सुई मोडते. मला काय.

आज सगळ्यांवर चिडले. औषधवाल्या काकांना म्हटलं, तुमचा पंखा किती कर्कश वाजतो. हवावाले म्हणाले, हवा बदलतेय, होतं असं. त्यांना सगळं हवेमुळेच होतं असं वाटतं.

भिंतीशी तीनदा जाऊन आले. बसवलं नाही, इकडून तिकडे फेऱ्या मारल्या.

लिहायला घेतलंच आहे तर लिहून टाकते. त्या दिवशी ताई म्हणाली, "इकडे ये, दंड दाखव, माप घेते. दुसरी बाही आज लावून टाकते." सकाळी आमचं वाजलं होतं. तिने माझ्यासाठी कॉलेजचा फॉर्म आणला होता, पुन्हा, तिसऱ्यांदा. भांडण असं मोठं नव्हतं. आई गेल्यापासून मला तिनेच वाढवलं, त्यामुळे तिच्याशी मोठं भांडताही यायचं नाही. मी दारातूनच म्हटलं, "आले." आणि बाहेर पडले. कोपऱ्यावर बस उभी होती.

पाच वर्षं झाली 'आले' म्हणून.

फोन करता येतो. नंबर पाठ आहे. पण सुरुवात काय करायची? 'हॅलो'च्या पुढचं वाक्यच सापडत नाही. आणि दर वर्षी ते वाक्य जास्तच चांगलं असायला हवं, असं होत जातं.

२४ फेब्रुवारी

मशीन सुरू. हवा छान आहे आज.

१ मार्च

दर महिन्याला मॅडम पाण्याच्या टाकीवर चढून वस्तीचा फोटो काढतात. आज तिन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी लावले आणि ओरडल्याच. मॅडम! ओरडल्या!

जानेवारीच्या फोटोत पटांगण हिरवंगार. फेब्रुवारीच्या फोटोत एक पुसट रेघ. मार्चच्या फोटोत पिवळी, ठसठशीत, वस्तीच्या तोंडापासून थेट भिंतीपर्यंत. गवत तुडवून तुडवून पडलेली पायवाट.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "कुणी सांगितलं नाही, कुणी आखलं नाही. भिंतीत दार नसतानाही लोक तिथे जायला लागले. किती आस असेल दवाखान्याची! हा कौल आहे. पायांनी दिलेला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं. मलाही भरून आलं. एवढी माणसं भिंतीपर्यंत जातात, उभी राहतात आणि परत येतात. बिचारी. रस्ता आता याच रेघेवर होणार. सहा फूट रुंद, दोन्हीकडे झाडं, शेवटी दार.

दार झालं की पलीकडे जाऊन बघता येईल. मांजराचं घर वगैरे.

७ मार्च

तीन दिवस पायवाटेवर मोजणी. पालिकेला आकडा लागतो, किती माणसं, कुठल्या वेळी. सकाळी सात ते संध्याकाळी सात, भिंतीशी बसून. माझी आवडती जागा, आणि कामाचं निमित्त. पलीकडून दिवसभर मशीन. डबा खायलासुद्धा उठले नाही. या वेळी कुठलाही आरसा गेला असता तरी मी हलले नसते. मॅडमना दाखवायचंच होतं.

गुरुवार: शून्य. शुक्रवार: शून्य. शनिवार: शून्य. मांजर दोनदा, तेही कुंपणावरून.

काही कळत नाही. मी येते तेव्हाच लोक येत नाहीत की काय?

९ मार्च

मॅडमनी तक्ता पाहिला. बराच वेळ पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही. तिथेच होते."

"तीन दिवसांत एकही माणूस नाही? आणि पायवाट आपोआप पडली?"

"मॅडम, शपथ."

"पुढच्या कामाला तुला कायमची घेणार होते मी. कागद तयार आहे. तू कुठे भटकलीस ते सांगितलंस तरी चालेल. खोटा तक्ता चालणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा छत्तीस तास एका जागी बसले, आणि नेमका त्यावरच कुणाचा विश्वास नाही. हवावाले म्हणाले, "जाऊ दे, फोटो आहेत ना. फोटो पुरेत." मॅडमनी तक्ता फाडला नाही, पण टाचणीही लावली नाही. तसाच स्टोव्हखाली सरकवला.

१५ मार्च

पहिली सभा. ऑफिसच्या भिंतीवर आराखडा, रंगीत. सगळ्यांना आवडला. औषधवाले काका टाळ्या वाजवून उठले, आजोबा म्हणाले, दार झालं तर मी रोज जाईन, आजारी नसलो तरी. लॉन्ड्रीवाल्या बायका शेवटच्या ओळीत. मॅडमनी दोनदा विचारलं, "तुमचं काही म्हणणं?" मावशीने मान हलवली. नाही. बाकीच्यांनीही.

सभा संपल्यावर मी खुर्च्या रचत होते. मावशी जवळ आली.

"भिंगरी, एक विचारू? त्या भिंतीत असं काय आहे गं?"

"कुठल्या भिंतीत?"

"जिच्याशी दिवसातून चारदा जाऊन बसतेस तिच्यात. आम्ही तुझ्यासाठी दोऱ्या वर बांधल्या. बांबू हलवला. म्हटलं, पोर येते, बसते, जाताना जरा हलकी होऊन जाते. येऊ दे. पाहुणी आहे, कामं झाली की जाईल."

माझ्या हातात खुर्ची होती. ती तशीच राहिली.

"आणि बाकीचे?" मी विचारलं. "बाकीचे लोक कधी जातात तिथून?"

"कोण बाकीचे? ओल्या कपड्यांतून कोण चालतं! धूळ उडते, धुतलेलं पुन्हा धुवावं लागतं. इथलं शेंबडं पोरही तिथून जात नाही. तू सोडून."

"मग आत्ता बोलला का नाहीत? तुमच्या दोऱ्यांच्या बरोबर मधून जातोय तो रस्ता."

"बोललो असतो तर विचारलं असतं, वाट कुणी पाडली. तुझं नाव निघालं असतं. नोकरी लागणार आहे ना तुला कायमची, हवावाले सांगत होते." मग ती खेकसली, "आता रडायचं काय त्यात? चादरी कुठे वाळवायच्या त्याचं आमचं आम्ही बघू. तुझ्या डोक्यावर वाळवू."

१६ मार्च

मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही. म्हणून तीन दिवस शून्य. मी त्याच वाटेने गेले, त्याच वाटेने आले, आणि वाट बघत बसले की कोण येतंय.

१८ मार्च

गप्प राहता येईल. खरं सांगायचं तर गप्प राहणं मला छान जमतं.

गप्प राहिले तर काय काय होईल ते लिहून बघते. रस्ता होईल. भिंतीत दार होईल, बरोबर मशीनच्या समोर. आजोबा दवाखान्यात जातील, धूर न खाता. मला कागद मिळेल. मावशी आणि अकरा बायका दुसरी जागा शोधतील आणि ती मिळणार नाही, कारण मी ही वस्ती अडीच महिने चाललेय, अशी दुसरी जागा नाहीये.

बोलले तर मॅडमचा कौल जाईल. तो फोटो त्यांनी फ्रेम करायला टाकलाय.

तिसरा मार्ग म्हणजे बस. कोपऱ्यावर कुठल्या ना कुठल्या गावाची बस असतेच. पिशवी भरायला मला सहा मिनिटं लागतात, तेही मोजलंय.

पिशवी भरली. मग रिकामी केली. बारा मिनिटं.

२० मार्च

आज पालिकेचे साहेब आले होते. दुसरी सभा, शेवटची. मॅडम फोटो दाखवत होत्या. "लोकांच्या पायांनी लिहिलेली मागणी," त्या म्हणाल्या, आणि मी उभी राहिले. उभी राहिले आणि काय बोलायचं ते विसरले. सगळे बघायला लागले.

"ती वाट माझी आहे," मी म्हटलं.

साहेबांना वाटलं मी जागेवर हक्क सांगतेय. ते कागद चाळायला लागले.

"म्हणजे मीच पाडली. चालून. दुसरं कुणी जात नाही तिथून. रोज चार वेळा, कधी पाच. मोजणीत शून्य आलं ते खरं होतं, मॅडम."

मॅडमनी फोटो खाली ठेवला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही. तुम्हीच म्हणाला होतात."

आधी हवावाले हसले. त्यांना हसताना खोकला येतो, खोकताना हसू येतं. मग औषधवाले काका, मग सगळेच. साहेबांनी चष्मा काढून पुसला. फक्त मॅडम आणि मावशी हसल्या नाहीत. मॅडम आराखड्याकडे बघत होत्या, मावशी माझ्याकडे.

मग मॅडमनी भिंतीवरून आराखडा उतरवला. मला वाटलं, फाडतात आता. त्यांनी तो टेबलावर पालथा घातला, कोरी बाजू वर, पेन्सिल घेतली आणि शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेल्या.

"कपड्यांवर धूळ न उडवता दवाखान्यात जायचं तर तुम्ही कुठून जाल?"

मावशी म्हणाली, "मला चित्र येत नाही."

"मलाही येत नाही असं दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

मावशीने पेन्सिल मुठीत धरली, सुरी धरतात तशी, आणि टाकीच्या कडेकडेने एक वाकडी रेघ ओढली. तिथे दुपारी टाकीची सावली असते. भिंत तिथे तशीही फुटलेली आहे. आजोबांनी विचारलं, किती लांब पडेल? मी जाऊन मोजून आले. सरळ वाटेपेक्षा शेहेचाळीस पावलं जास्त. आजोबा म्हणाले, "मधे दोन बाकं टाका, मग शंभर पडली तरी चालतील."

सगळे गेल्यावर मॅडम स्टोव्हपाशी बसल्या. चहा उकळून उकळून आटला तरी बंद केला नाही.

"कुठे जात होतीस गं तू?"

"कुठेच नाही. तिथे भिंत आहे."

"तेच तर. भिंतीकडे कुणी दिवसातून चारदा जात नाही."

त्यांनी स्टोव्हखालून माझा तक्ता काढला, त्याला टाचणी लावली आणि फाईलमध्ये ठेवला. कायमच्या नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

२२ मार्च

आज रविवार. बाराशे चाळीस पावलं चालून भिंतीपलीकडे गेले. रीतसर, रस्त्याने, ट्रकचा धूर खात.

एवढे दिवस मी मनात एक बाई बसवली होती. चष्मा, टाचण्या, पाठ जराशी वाकलेली. प्रत्यक्षात पत्र्याची शेड, आणि आत बनियन घातलेला एक दाढीवाला धिप्पाड माणूस बसच्या सीटांची कव्हरं शिवत होता. मशीन त्याच्यापुढे खेळण्यासारखं दिसत होतं. हसू यायला हवं होतं मला.

"काय हवंय?"

"काही नाही. मी भिंतीच्या पलीकडे बसते."

त्याने पाय थांबवले. "मांजर नव्हे तर!" मग मला नीट बघितलं. "रोज कुणीतरी येतं ते कळायचं. चप्पल काढल्याचा आवाज यायचा. मशीन थांबवलं की थोड्या वेळाने उठून जायचीस तू."

"लक्षात नाही आलं माझ्या."

"मला आलं. म्हणून काम नसलं की कधीकधी नुसतंच चालवायचो. दोऱ्याशिवाय."

नंतर तो कव्हर शिवायला लागला. मी स्टुलावर बसले. त्याने कुणाचं मशीन आठवतं वगैरे काही विचारलं नाही. निघताना म्हणाला, "जे काय सांगायचं असेल ते मशीनला सांगून उपयोग नाही, बाई. मशीन ऐकत नाही."

३१ मार्च

आराखडा दिला. मुखपृष्ठावर मावशीची वाकडी रेघ आहे, तशीच्या तशी. मॅडमनी सरळ करू दिली नाही. खाली सगळ्यांची नावं, हवावाल्यांच्या खाली माझं. नावापुढे हुद्दा लिहायचा होता. मॅडमनी विचारलं, काय लिहू? म्हटलं, पाय.

दहा दिवस त्या वाटेवर पाऊल टाकलं नाही. मावशी ठिबकणाऱ्या चादरी मुद्दाम तिथेच टाकते. पिवळ्या रेघेत कोंब आलेत, अगदी बारीक. जवळ जाऊन बघावंसं वाटतं, पण जवळ जायचं तर तुडवावं लागेल. लांबूनच बघते.

दोऱ्या अजून वरच आहेत. विचारलं तर मावशी म्हणाली, "राहू देत, वारा लागतो."

२ एप्रिल

दुपार. ऑफिसात कुणी नाही. सगळे टाकीच्या कडेची भिंत बघायला गेलेत. मी म्हटलं, येते मागून.

नंबर लावला. चार वेळा वाजला. उचलला.

"हॅलो?"

मागे मशीन चालू होतं. ताई खांद्याने फोन कानाशी धरून शिवते, तिची जुनी खोड.

ते वाक्य अजूनही सापडलं नव्हतं.

"हॅलो? कोण?"

मशीन थांबलं. किती वेळ ते माहीत नाही, मोजलं नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मग मशीन पुन्हा सुरू झालं. सावकाश, मग पळत, मग टोकाशी टप्प. पुन्हा सावकाश. फोन तिने ठेवला नाही. मी ऐकत राहिले, ती शिवत राहिली. भिंतीवरच्या एकेका गोलाकडे बघत मी उभी होते.

मग ती बोलली. तोंडात टाचण्या होत्या.

"डावी बाही राहिलीय."

"हो," मी म्हटलं.

"दंडाचं माप सांग. पाच वर्षांत बदललं असेल."

"माझ्याकडे टेप नाहीये, ताई." आणि मग आठवलं, आहे. रस्ते मोजायचा पन्नास मीटरचा. टेबलावरच होता, स्टोव्हशेजारी. फोन खांद्याने कानाशी धरला, टेप ओढला, ओढताना भसकन चार-पाच मीटर बाहेर आला आणि पायात पडला.

"कसला आवाज तो?" ताईने विचारलं. "काय सांडलंस?"

"काही नाही. थांब."

मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही. मी टेप दंडाभोवती गुंडाळला, आणि आकडा दिसेना, कारण डोळे भरले होते. ते पुसून पुन्हा बघितलं.

"साडेदहा इंच."

"थांब हं," ताई म्हणाली, "लिहून घेते."

थांबले.